जागा सोडून बसलेलं गाव

जुन्या नाशकात पत्ता सांगायचा तर डावं-उजवं फारसं कामाचं नाही, चढ कुठला आणि उतार कुठला ते सांगावं लागतं. दहीपूल खाली, सराफ बाजार त्याला लागून, आणि तिथून कुठलीही गल्ली पकडा ती चढतेच, चढून धाप लागली की समजायचं आपण गावठाणाच्या पोटात आलो. इंग्रजांच्या 1883 च्या गॅझेटिअरमध्ये नाशिक नऊ टेकड्यांवर वसलेलं गाव म्हणून लिहिलंय, जुनी गढी, नवी गढी, चित्रघंटा, डिंगर आळी अशी त्यातल्या टेकड्यांची नावंही लोकांच्या तोंडी आहेत, पण आता त्या इमारतींखाली इतक्या झाकल्या गेल्यात की गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला राहणाऱ्या माणसाला त्या डोळ्याला दिसत नाहीत, गुडघ्यांना मात्र लगेच कळतात.

माझं माहेर ह्याच चढावरचं. लग्नानंतर मी गावठाणाबाहेर गेले, पण देवीला, सराफाकडे, भांडी बाजारात, कुणाच्या तरी दहाव्याला, काही ना काही कारणाने पाय इकडे वळतातच. आणि अलीकडे ह्या भागाबद्दल लोक बोलायला लागलेत, फोटो काढायला येतात, कोरीव दरवाजासमोर उभं राहून रील करतात, मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. फक्त एवढं वाटतं की फोटोत येतं ते सागवानावरचं नक्षीकाम, आणि ह्या गावाचं खरं देखणेपण मला दुसरीकडेच दिसतं. हे गाव बांधणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी थोडी जागा सोडलेली आहे. नदीला सोडलीय, वाटसरूला सोडलीय, आभाळाला सोडलीय, रंगाला सोडलीय. जिथे सोडली तिथे गाव सुंदर झालं, जिथे सोडली नाही तिथे काय झालं तेही ह्याच गावाने बघितलंय, आणि त्याबद्दलही लिहायलाच हवं.

नदीपासून सुरू करते, कारण नाशकात सगळं तिथूनच सुरू होतं. आम्ही तिला गोदावरी फार कमी म्हणतो, आमच्यासाठी ती गंगा. गंगेवर जाऊन येते, गंगेला पाणी आलंय, गंगेवरचा बुधवारचा बाजार. रामकुंड 1696 मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं असं सांगतात, मग पुढे पेशवाईत घाट, कुंडं, देवळं एकेक करत वाढत गेली. नारोशंकर राजेबहादूरांनी 1747 मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी 1756 मध्ये सुंदरनारायणाचं, पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंच्या नावाचा तास, म्हणजे पाण्याची वाट, तर नदीतच आहे. एका शतकात एवढा पैसा, एवढा दगड, एवढे कारागीर ह्या दोन काठांवर आले, तरी मधलं पात्र त्यांनी मोकळं ठेवलं. घाटाच्या पायऱ्या आणि लांबच लांब पटांगणं. आठ महिने तिथे माणसांनी वापरायचं, चार महिने नदीने. बुधवारी बाजार भरतो तो ह्याच जागेत, मे महिन्यात देवमामलेदार पटांगणावर वसंत व्याख्यानमाला होते तीही ह्याच जागेत. देवमामलेदार म्हणजे सटाण्याचे मामलेदार यशवंतराव महाराज, 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, 1887 मध्ये नाशकात गेले, त्यांची समाधी घाटावर आहे. एका अधिकाऱ्याच्या समाधीपुढे उघड्यावर बसून गावाने महिनाभर भाषणं ऐकायची, डोक्यावर छप्पर नाही, तिकीट नाही, मागे कुठेतरी आरती चालू, आणि समोर वक्ता अर्थसंकल्पावर बोलतोय, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. लहानपणी मला त्यातलं काही कळायचं नाही, आबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून जायचे, तरी जायचे.

पाऊस लागला की ही सगळी जागा नदी परत घेते आणि मग गावाची मोजमापं सुरू होतात. दुसऱ्या गावांत पूर फुटात मोजतात, मीटरमध्ये मोजतात, आमच्याकडे रामकुंडाजवळ पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मारुती लाइव्ह दिसतो, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले त्याचा आकडाही येतो, पण आकडा वाचून कुणाला काही होत नाही, "गळ्याला लागलं" म्हटलं की सराफ बाजारातला माणूस दुकानातला खालच्या फळीवरचा माल वर ठेवायला धावतो. पुढची खूण सरकारवाड्याच्या पायऱ्या, आणि त्याच्याही पुढची नारोशंकराची घंटा. ही घंटा पोर्तुगीजांची, तिच्यावर 1721 साल आहे, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेतून ती इकडे आली आणि देवळाच्या दर्शनी भिंतीत टांगली गेली. चर्चसाठी ओतलेली घंटा शंकराच्या देवळात येऊन गंगेच्या पुराची खूण झाली. 10 सप्टेंबर 1969 चा पूर त्या घंटेपर्यंत गेला म्हणतात. आमची आजी तो पूर सांगायची तेव्हा पाण्याबद्दल कमी बोलायची, माणसांबद्दल जास्त. खालच्या आळीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं चढावर आली, ज्याच्या वाड्यात जागा त्याने दार उघडलं, आमच्या चौकात रात्रभर चूल पेटती होती आणि पिठलं कुणी कुणाच्या पिठाचं केलं ह्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. 2008 च्या आणि 2016 च्या पुरात मी स्वतः बघितलं, तेव्हाही लोक मदतीला आले, खूप आले, पण वर चढून जायला जे उघडे चौक होते ते पुष्कळसे उरले नव्हते.

आता वाड्यांकडे येते, आणि इथे मला जरा रेंगाळू द्या.

आमचा वाडा काही फार नावाजलेला नाही, सरदाराचा नाही, तीर्थोपाध्यायांचाही नाही, साधा व्यापाऱ्याचा वाडा. रस्त्याच्या अंगाला दरवाजा, त्याच्या दोन्ही हातांना दगडी ओटे. आत देवडी, मग चौक, चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी, पुढे माजघर, स्वयंपाकघर, मागे परसात आड. वर माडी, आणि माडीला रस्त्याच्या बाजूने सज्जा. वाडा केवढा ते चौरस फुटात कुणी सांगायचं नाही, किती खणांचा ते सांगायचे, खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. सगळा भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर, भिंती नुसत्या भरावाच्या, पांढऱ्या मातीच्या आणि बारीक विटांच्या. सागाचा खांब कधीच जमिनीत गाडलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे खालची ओल लाकडाला लागत नाही. चौकातून गरम हवा वर निघून जाते म्हणून वैशाखात माजघरात पंख्याशिवाय झोप लागते. हे सगळं मी वाचून शिकले नाही, आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सुतारकाकांनी एकेक ठिकाणी हात ठेवून दाखवलं होतं, आणि त्यांनीच हेही दाखवलं होतं की वाडे मरतात कशाने. कौल फुटतं, ते कुणी बदलत नाही, एका पावसात तुळईच्या टोकाला पाणी लागतं, तुळईचं टोक भिंतीत असतं म्हणून ते कुजताना दिसत नाही. मग भिंत फुगली म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मारतात आणि तो सगळ्यात वाईट, कारण मातीची भिंत श्वास घेते, सिमेंट ओल आतच कोंडतं, बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून चिखल होत असतो. "वाडा म्हातारा होऊन पडत नाही ताई," ते म्हणायचे, "दुर्लक्ष करून पाडतात."

ओट्याबद्दल सांगायचं राहिलं. ओटा घराच्या मालकीचा, पण घरातल्यांनी वापरायचा कमी. दुपारी तिथे पोस्टमन टेकायचे, बोहारीण बोचकं सोडून बसायची, गंगेवरून येणारे खेड्यातले यात्रेकरू भाकरी सोडायचे आणि "माय, पाणी दे" म्हणून हाक मारायचे, माझं काम तांब्या-भांडं घेऊन जायचं. संध्याकाळी आबा आणि त्यांची मित्रमंडळी. रात्री कुत्री. आपल्या जमिनीचा सगळ्यात दर्शनी, सगळ्यात महागडा तुकडा, सराफ बाजाराच्या एवढ्या जवळ, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दगडात बांधून ठेवायचा. ही एका घराची उदारी म्हणता येणार नाही कारण गल्लीतल्या प्रत्येक घराला ओटा होता, श्रीमंताला मोठा, गरिबाला एका माणसापुरता, पण होता. ज्या गल्लीत अशी घरं समोरासमोर आहेत तिथे पाच-सहा फुटांची वाटही अंगावर येत नाही, हे तुम्ही चालून बघा. आता ओटे फोडून शटर लावलेत किंवा स्कूटर चढवायला उतार केलेत, आणि तीच गल्ली बोगद्यासारखी वाटते, रुंदी एक इंचही कमी झालेली नसताना.

तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत तर जागा सोडणं हाच घरचा व्यवसाय. यात्रेकरू गावावरून यायचा, उपाध्यायांच्या वाड्यात उतरायचा, चौकात जेवायचा, माडीवर झोपायचा. आणि त्यांच्याकडे वह्या. गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे लावलेल्या जाडजूड वह्या, त्यात कोण कधी आलं, कोणासाठी आलं, बरोबर कोण होतं. माझ्या एका मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा ती विदर्भातून इथे आली होती, मी सोबत गेले. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आतून वही आणली, आणि पानं उलटत उलटत तिच्या पणजोबांच्या सहीवर बोट ठेवलं. मोडी अक्षरातली सही. त्याखाली आजोबांची, देवनागरीत. तिच्या वडिलांची पण होती, आजोबांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाची, आणि ही गोष्ट तिला माहीतच नव्हती. गुरुजींनी पेन पुढे केलं, "आता तुम्ही करा." तिथे खाली जागा होती.

तांबट आळीचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथलं जे होतं ते बहुतेक कानात होतं. सकाळपासून ठोक्यांचा आवाज, हंडे, घंगाळी, कळशा, बंब, पळी-पंचपात्री. स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, ठोके विरळ झाले. तरी भांडी बाजारात आजही लग्नाची, मुंजीची तांब्या-पितळेची खरेदी करायला पार धुळे-जळगावाकडून लोक येतात आणि गंगाजळाचे सीलबंद गडू अजून घेऊन जातात.

आणि हे गाव एका रंगाचं नाही हेही सांगायला हवं, कारण अलीकडे जुनं नाशिक म्हटलं की फक्त देवळं मोजतात. मोगलांच्या काळात ह्याचं नाव गुलशनाबाद होतं. दूध बाजार, चौक मंडई, कोकणीपुरा, पिंजारघाट, पीरजादे वाड्यातली बडी दर्गा, हे सगळं ह्याच टेकड्यांवर, आमच्या आळीपासून चालत दहा मिनिटांवर. आजीला नजर काढायची असली की ती भद्रकालीला नारळ द्यायची आणि दर्ग्याला चादर बोलायची आणि तिला त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्यासारखं कधी वाटलं नाही.

आता तिळभांडेश्वर गल्ली. बाहेरून येणाऱ्याला ती दाखवली की तो म्हणतो, इथे? एवढ्याशा गल्लीत? हो, इथेच. सावरकर बंधू ह्या गल्लीत राहायचे, मित्रमेळा इथे जमायचा, त्याचीच पुढे अभिनव भारत झाली, कवी गोविंद म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू असलेला हा माणूस, ह्याच गल्लीत बसून अशी गाणी लिहायचा की ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. आणि 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद थिएटरमध्ये नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे ह्या मुलाने गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे ह्या तिघांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे विशीच्याही आतला होता. मी त्या गल्लीतून शाळेला जायचे आणि कित्येक वर्षं मला वाटायचं की इतिहास म्हणजे मोठ्या मैदानावर होणारी गोष्ट. इथे तर समोरच्या घरातली फोडणी आपल्या घरात कळते. पण नंतर लक्षात आलं की अशाच जागेत हे होऊ शकतं, जिथे एका माडीवरून दुसऱ्या माडीवर जाता येतं, जिथे अनोळखी माणूस गल्लीत शिरला की दहा डोळ्यांना कळतं, आणि जिथे वाचनाची सवय आधीपासून आहे. सार्वजनिक वाचनालय, आमचं सावाना, 1840 पासूनचं. त्याचा बराच काळ सरकारवाड्यात गेला. पेशव्यांच्या कारभाराचा वाडा, त्यात पुढे इंग्रजांची कचेरी, त्यात पुस्तकं, त्यात पोलीस स्टेशन, एका वास्तूने एवढं सगळं सामावून घेतलं, आणि आजही त्याच्या सुरूच्या खांबांखाली उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो.

रहाडीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नाशकात रंग धुळवडीला खेळत नाहीत, रंगपंचमीला खेळतात, आणि खरा रंग रहाडीत. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, दंडे हनुमान, अशा काही ठिकाणी रस्त्याच्या खाली पेशवेकाळातले दगडी हौद आहेत, माणूस बुडेल एवढे खोल. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून रिक्षा जातात, भाजीची गाडी उभी असते, परक्या माणसाला पत्ताही लागणार नाही की आपण कशावर उभे आहोत. रंगपंचमीच्या आधी वरची माती आणि लाकडाचे ओंडके काढतात, हौद धुतात, पानाफुलांचा रंग कढवून ओततात, मानकरी पूजा करतात, आणि मग धप्पा. एकेक जण उंचावरून उडी मारतो आणि हौदाभोवतीचे सगळे भिजतात. रहाडीचा रंग अंगावर चढला की दोन-तीन दिवस जात नाही, ऑफिसात कानामागे पिवळं दिसलं की समोरचा विचारतो, तिवंध्याला होतीस वाटतं. विचार करा, गावठाणात इंच इंच जागेवरून कोर्टकचेऱ्या चालतात, आणि भर चौकातला, रस्त्याखालचा एवढा मोठा हौद लोकांनी दोन-अडीच शतकं वर्षातल्या एका दिवसासाठी राखून ठेवला. त्यातल्या काही मधल्या काळात बंद पडल्या होत्या, त्याही आता तरुण मुलं शोधून काढून परत उघडतायत, ह्याचा मला मनापासून आनंद होतो.

आणि आता तो दरवाजा. पंचवटीतलं काळाराम मंदिर, सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, रामशेजच्या डोंगराचा काळा दगड, चारी बाजूंनी तट आणि चार दरवाजे. मला ते देऊळ अतिशय सुंदर वाटतं, तिथल्या ओवऱ्यांमध्ये बसणं मला आवडतं, आणि म्हणूनच हे मनात सलतं की 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं, बायका, शांतपणे ओळीने चालत त्या दरवाजांशी आली आणि दरवाजे बंद केले गेले. भाऊराव म्हणजे दादासाहेब गायकवाडांनी इथली सगळी बांधणी केली होती. माणसं दाराशी बसली, अटका झाल्या, रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, शेवटी 1935 मध्ये बाबासाहेबांनी इथून जवळच येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ज्या गावाने रस्त्यावरच्या वाटसरूला ओटा बांधून दिला, त्याच गावाने आपल्याच शेजारच्या माणसाला देवाच्या दारात पाऊल टाकण्यापुरती जागा दिली नाही. आमच्या ओट्यावर तरी सगळे बसू शकत होते का, हे मी आजीला एकदा विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नाही गं. पाणी वरून ओतायचो." वाड्यांच्या आठवणी सांगताना हे वाक्य वगळून सांगायचं नाही असं मी ठरवलंय. नक्षीकामाचं कौतुक करणाऱ्यांनी काळारामाच्या पूर्व दरवाजाशीही थोडं थांबावं, तिथेही हे गाव घडलंय.

जागा न सोडल्याची दुसरी आठवण 27 ऑगस्ट 2003 ची. सिंहस्थातलं शाही स्नान, पंचवटीतला सरदार चौक, अरुंद उतरता रस्ता, चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. दरम्यान नदीतही आपण जागा भरून टाकली. सिंहस्थाच्या सोयीसाठी म्हणून कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं, तळातले झरे बुजले, आणि ज्या कुंडांत पूर्वी उन्हाळ्यात जिवंत पाणी असायचं तिथे आता टँकरची भाषा होते. हे काँक्रीट काढा म्हणून नाशिकच्याच लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, कोर्टात गेले, काही ठिकाणचं काँक्रीट फोडलंही गेलं. मला ह्या लोकांबद्दल फार आदर आहे. नाल्यांचीही तीच गत, सरस्वती नाला झाकून टाकला, म्हणून जरा मोठी सर आली की दहीपुलावर आणि सराफ बाजारात कमरेएवढं पाणी, गंगेला पूर नसतानासुद्धा. पाणी बिचारं त्याच्या जुन्या वाटेनेच जातंय.

सगळ्यात जास्त काळजी मला जुन्या गढीची वाटते. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव ह्यांनी तिथे उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळापासून सातवाहन, मग पुढे मुसलमानी आणि मराठा काळापर्यंत वस्तीचे थर एकावर एक सापडले. म्हणजे आमच्या नऊ टेकड्यांपैकी ही एक टेकडी मुळात माणसांच्या राहण्यानेच एवढी उंच झालेली, तीन हजार वर्षांच्या चुली, खापरं, मातीच्या भिंती. त्याच मातीच्या काठावर आज घरं आहेत आणि दर पावसाळ्यात कडा थोडी ढासळते, नोटिसा निघतात, कुटुंबं हलवतात, पाऊस संपला की परत येतात. तिथे राहणारी माणसं गरीब आहेत, त्यांना त्याच भागात नीट घर मिळायला हवं आणि गढीला संरक्षक भिंत मिळायला हवी, ह्या दोन्ही गोष्टी एकदम व्हायला हव्यात, एकीचं कारण सांगून दुसरी टाळता येणार नाही.

वाड्यांच्या नोटिसाही अशाच, मे संपता संपता लागतात, "धोकादायक". मालकाला नाममात्र भाडं मिळतं म्हणून तो कौल बदलत नाही, भाडेकरूला वाटतं मी पैसा घातला तरी घर माझं होणार नाही, आणि मध्ये तुळई कुजते. एखाद्या रात्री भिंत पडते, कधी कधी माणूस जातो. मालकाच्या खोलीतही मी वाढले आणि माझी जिवलग मैत्रीण समोरच्या खणातल्या भाडेकरूची मुलगी, त्यामुळे ह्यात मला एका बाजूने बोलता येत नाही. वाडे तसेच जपा असं दूर फ्लॅटमध्ये राहून म्हणणं सोपं आहे. पहाटे पाच वाजता परसातल्या सामाईक संडासासमोर रांगेत उभं राहिलेल्या बाईला आधी विचारा.

आमच्या वाड्याचंही आता ठरत आलंय. माझा त्याला विरोध नाही. माडीचा जिना काकूला चढवत नाही, पश्चिमेची भिंत टेकू लावून उभी आहे, चुलत भावांची मुलं शिकून पुण्याला गेली. बिल्डरने नकाशा आणला, खाली पार्किंग, वर चार मजले, भाडेकरूंनाही घरं, कागदावर सगळं ठीक. मी एवढंच म्हटलं की रस्त्याच्या बाजूला ओटा हवा. आधी कुणाला कळलंच नाही मी काय मागतेय. मग बिल्डर म्हणाला, मॅडम तिथे दोन कारची जागा होते. मी म्हटलं, एका कारची होऊ दे. चुलत भाऊ म्हणाला, बसणार कोण आहे आता तिथे? त्यावर काकू, जी अशा बैठकांत कधी बोलत नाही, ती म्हणाली, "मी बसेन. भाजीवाली बसेल. आणि ह्या वेळी पाणी सगळ्यांना एकाच तांब्याने द्यायचं."

मग चर्चा सुरू झाली, ती बरी झाली. चौक पूर्ण ठेवता येत नाही पण मध्ये उजेड-हवेसाठी जागा नियमानेच सोडावी लागते, ती कोपऱ्यात न ढकलता मधोमध घेता येईल असं माझ्या ओळखीच्या एका तरुण आर्किटेक्टने काढून दाखवलं. जुने दगड, तळखडे आणि ओट्याच्या घडीव पायऱ्या भंगारात न देता तिथेच परत बसवता येतात, खर्चही फार वाढत नाही. दरवाजा आणि दोन खांब दर्शनी भागात येऊ शकतात. बिल्डर अजून कारच्या जागेवर अडलाय, भाऊ अर्धा पटलाय, समोरच्या खणातली माणसं माझ्या बाजूने आहेत कारण त्यांच्याकडे कार नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या आधी गल्लीत काम काढू देतील की नाही हाही प्रश्न आहेच, त्यामुळे सगळे घाईत आहेत. रविवारी काकूकडे परत बैठक आहे, मी नवीन नकाशाच्या चार प्रिंट काढून ठेवल्यात, आणि ह्या वेळी त्यात ओट्याची लांबी-रुंदी आकड्यांत लिहून घेतलीय म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ठरलं नव्हतं.